चार बोटं सैल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको. एकतीस वर्षं मी विद्यापीठात इतिहास शिकवला. त्यातली बारा वर्षं एकाच पुस्तकावर घालवली. आणि ते पुस्तक छापखान्यात जायला चार दिवस उरले असताना माझ्या सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणाची हवाच काढून घेतली. मी तापट नसते, तरी त्या दिवशी झालेच असते.

पुस्तकाचं नाव होतं 'मागावरून हद्दपार'. विषय म्हणजे विणकरांच्या एका जुन्या शहरातल्या बायका, मध्ययुगाच्या शेवटच्या शंभर वर्षांतल्या. तिथे प्रत्येक विणकर घराला स्वतःची खूण असायची. कुणाचा मासा, कुणाची किल्ली, कुणाची घंटा. कापडाच्या कोपऱ्यात ती खूण विणलेली असली तरच ते बाजारात जायचं. सुरुवातीला विणकर संघाच्या वहीत खुणांसमोर बायकांचीही नावं दिसतात. विधवांची, लेकींची, काही तर नुसती स्वतःच्याच नावावर. मग संघानं नियम केला की खूण फक्त पुरुषाच्या नावावर राहील. चाळीस वर्षांत वहीतून बायका पार नाहीशा झाल्या. त्या गेल्या कुठे? तर मी ठणकावून सांगितलं होतं, की त्यांना मागावरून उठवून चुलीपाशी बसवलं. या एका वाक्यावर मी परिषदा गाजवल्या होत्या. माझ्या विद्यार्थिनी त्याला 'मॅडमचं वाक्य' म्हणायच्या.

पुरावाही मी तगडा दिला होता. संघाचा एक तपासनीस असायचा. तो कापडाचं प्रत्येक ठाण उलगडून बघायचा आणि दोष सापडला की दोषांच्या वहीत लिहायचा. नियम झाल्यानंतरच्या वर्षांत या वहीत एक दोष सारखा येतो : एका बाजूची वीण सैल. मी म्हटलं, बघा, कसबी बायका गेल्या आणि त्यांच्या जागी अर्धकच्चे गडी आले. कापडाचा दर्जा घसरणारच. फार सुरेख बसत होतं सगळं.

सोमवारी मी परिशिष्टाची प्रुफं तपासायला बसले. माझी पद्धत ठरलेली आहे. एकानं मूळ प्रतीतून मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून बघायचं. एकट्यानं वाचलं की डोळे आपल्याला हवं तेच वाचतात. हे वाचायचं काम नेहमी नवरा करतो, कुरकुर करत का होईना. पण तो पूल तपासणारा इंजिनिअर, आणि नेमका गुरुवारपर्यंत कुठल्याशा पुलाखाली लटकायला गेला होता. माझी चिडचिड सुरू झाली.

"मी वाचते की," सासूबाई म्हणाल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. वय एक्क्याऐंशी, नजर शाबूत, आवाज खणखणीत. गुडघ्यांवर त्यांनीच आमच्या लग्नात दिलेलं ते जुनं करडं ब्लँकेट, ज्याचा एक कोपरा कापलेला आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते ब्लँकेट दोनदा जुन्या कपड्यांत टाकलं आणि दोन्ही वेळा ते परत कपाटात आलं.

"अहो आई, कंटाळाल. नुसत्या याद्या आहेत."

"टीव्हीवर तरी काय असतं? आण इकडे."

आणल्या. त्या वाचू लागल्या, मी बोट फिरवू लागले. मासाछाप घर, अमुक महिना, ठाण पहिलं. डावी बाजू सैल, चार बोटं. मग अडीच वीत ठीक. मग डावी बाजू सैल, चार बोटं. मग अडीच वीत ठीक. असं पानभर. मला डुलकी यायला लागली होती. तेवढ्यात वाचन थांबलं. वर बघते तर सासूबाई गालातल्या गालात हसतायत.

"काय झालं?"

"काही नाही गं. हिचं बाळ लहान होतं."

"कुणाचं?"

"या मासोळीबाईचं. दर अडीच वितीला उठतेय बिचारी, पाजायला."

मी चष्मा काढला. "आई, इथे बाई नाहीये. मासाछाप घर एका माणसाच्या नावावर आहे. पुरुषाच्या. माझं सगळं पुस्तक तेच सांगतंय."

"नाव असेल त्याचं. पण माग केवढा आहे बघ ना. कापडाचा पन्हा लिहिलाय वर, नऊ वीत. एवढा पन्हा एकट्याच्या हाताला येतो का? दोघं लागतात शेजारी शेजारी. एकानं धोटा टाकायचा, दुसऱ्यानं झेलायचा, आणि फणी दोघांनी मिळून ओढायची. तेव्हा वीण सारखी बसते. दुसरी उठली की पहिला आपला एकटाच ताणून ताणून टाकतो. मग पलीकडच्या बाजूला ठोका बसत नाही. सैल राहतं."

"दुसरा गडी असेल. मी लिहिलंय ते, पान दोनशे बारा."

"गडी दर अडीच वितीला कशाला उठेल?"

"उठेल लघवीला!"

"रोज, ठरल्या वेळी, तेही महिनोन् महिने? दाखवायला हवं होतं गं त्याला कुठेतरी."

मला हसू आलं असतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यांनी मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. टेबलाची कड म्हणजे फणी, माझ्या चष्म्याचं घर म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा. त्यांनी टाकलं, मी झेललं. मी टाकलं, त्यांनी झेललं. "आता ऊठ," म्हणाल्या. मी उठले. त्यांनी एकटीनं चष्म्याचं घर सरकवलं, आणि ते टेबलावरून घसरत जाऊन खाली पडलं. ब्लँकेटच्या कारखान्यात सासऱ्यांच्या मागाशी सत्तावीस वर्षं काढलेल्या त्या हातांना अजून फेक ठाऊक होती, हे मला तेव्हा दिसलं. पण मी बोलले मात्र भलतंच.

"आई, हा इतिहास आहे. तुमच्या कारखान्यात असं होत होतं म्हणून पाचशे वर्षांपूर्वी तसंच होत असेल, असं नाही म्हणता येत."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या. "डावी बाजू सैल, चार बोटं."

हे 'बरं बाई' मला कुठल्याही वादापेक्षा जास्त झोंबतो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? सांगते ना. सैल वीण म्हणजे बायका गेल्या, हा माझा पुरावा होता. सासूबाईंचं खरं असेल तर सैल वीण म्हणजे बाई तिथेच होती, पोराला पाजून पुन्हा मागावर येऊन बसत होती. म्हणजे ज्याला मी तिच्या जाण्याची खूण म्हणत होते, ती तिच्या असण्याची खूण ठरत होती. बारा वर्षं, एक पुस्तक, आणि 'मॅडमचं वाक्य', सगळ्यावर पाणी. आणि शुक्रवारी मला अंतिम प्रतीवर सही करायची होती.

मंगळवारी सकाळी मी काम करत नव्हते, कपाटं आवरत होते. राग आला की मी कपाटं आवरते. आवरता आवरता कार्डांच्या पेट्या हाताशी आल्या. माझी कार्डं रंगांची असतात. पिवळी म्हणजे काम : माग, संघ, बाजार. गुलाबी म्हणजे घर : लग्नं, बाळंतपणं, आजारपणं. पिवळ्यांचं तिसरं प्रकरण झालं, गुलाबींचं पाचवं. गुलाबी पेटीत माझी एक लाडकी वही उतरवलेली होती, दायांची वही. त्या शहरात दायांना शपथ असायची की झालेला प्रत्येक जन्म नगरसभेच्या कारकुनाला सांगायचा. कारकून लिहायचा, अमुक छाप घरी मुलगा, अमुक छाप घरी मुलगी. तीन वर्षं मी ती वही वाचली होती.

मासाछाप घरी मुलगी, असं एक गुलाबी कार्ड मी उचललं. त्याच्यावरची तारीख बघितली. मग पिवळ्या पेटीतलं मासाछापाचं कार्ड काढलं आणि जन्मात पहिल्यांदा ती दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली. मुलगी झाल्यानंतर पाच आठवडे त्या घरातून ठाणच आलेलं नाही. पाच आठवड्यांनी आलेलं पहिलं ठाण, डावी बाजू सैल, चार बोटं. या पाच आठवड्यांच्या खंडाबद्दल मी पुस्तकात काय लिहिलं होतं? 'लोकरीचा तुटवडा असावा.'

मी तिथेच फरशीवर बसले. मी स्वतः काम आणि घर दोन वेगळ्या पेट्यांत ठेवलं होतं, दोन वेगळ्या रंगांत, आणि दोन्ही पेट्यांची झाकणं एकदम कधी उघडलीच नव्हती. वहीतून बायका वगळणाऱ्या संघाच्या कारकुनानं तरी दुसरं काय केलं होतं?

"आई," मी आत जाऊन म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर दप्तरखान्यात याल का?"

"गुडघा चालेल तिथपर्यंत येईन."

त्यांनी 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यांना नेण्याचं कारण मायेचं नव्हतं, नियमाचं होतं. दप्तरखान्यात एका वाचकाला एका वेळी एकच मूळ वही मिळते. आणि मला दोन वह्या एका टेबलावर हव्या होत्या. तिथल्या प्रमुखाला आम्ही सगळे कुलूपकाका म्हणतो, कारण त्यांच्या कमरेला अकरा किल्ल्या आहेत आणि नियमाला ते कुलपासारखे धरून बसतात. त्यांच्यापुढे मी वीस वर्षांत अनेकदा हात टेकले आहेत.

"दोन वाचक, दोन वह्या, एक टेबल," मी म्हटलं. "यात नियम मोडतो का?"

कुलूपकाकांनी छताकडे बघून विचार केला. "नाही मोडत," ते म्हणाले. आवाजात जरा हळहळ होती. "पण आजींची नोंद करावी लागेल."

वाचकांची नोंदवही म्हणजे जाडजूड बांधीव वही, ती कायम जपून ठेवतात. नाव, पत्ता, व्यवसाय, विषय असे चार रकाने. सासूबाई खुर्चीत टेकल्या होत्या, मला घाई होती, मीच भराभरा लिहिलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. व्यवसाय : गृहिणी. विषय : मध्ययुगीन वस्त्रोद्योग. त्यांनी मान लांब करून वाचलं आणि मी दाखवलं तिथे सही केली.

मग दोन दिवस आम्ही जे काम केलं, तशी मजा मला आयुष्यात क्वचितच आली असेल. पाचशे वर्षांपूर्वीची अक्षरं सासूबाईंना लागत नव्हती, म्हणून दोन्ही वह्यांतलं मी हळू आवाजात वाचायचे आणि त्या माझ्या पेन्सिलीनं कागदावर रेघा मारायच्या. आडवी रेघ म्हणजे सैल, मोकळी जागा म्हणजे ठीक. मासाछापाचं पान भरत गेलं तसं मला दिसलं, की सुरुवातीला रेघा दाट आहेत, दर अडीच वितीला एक. तीन-चार महिन्यांनी साडेतीन वितीला. मग पाच. मग दिवसाकाठी एखादी. तेराव्या महिन्यानंतर स्वच्छ कापड.

"सुटलं अंगावरून," सासूबाई म्हणाल्या. "वरचं खायला लागली पोर."

"आणि दोन वर्षांनी पुन्हा रेघा, बघा."

"मग झालं असणार दुसरं. बघ तुझ्या दायांच्या वहीत."

होतं. मासाछाप घरी मुलगा, बरोब्बर पाच आठवडे आधी. मी टेबलावर थाप मारली, तर कुलूपकाकांनी लांबूनच ओठांवर बोट ठेवलं.

सासूबाईंनी बायकांना नावं पाडली. मासोळीबाई, किल्लीवाली, घंटाबाई. घंटाबाईची सैल बाजू उजवी होती, तीही कायम उजवीच. "दार त्या बाजूला असणार तिचं," त्या म्हणाल्या. "ज्या बाजूनं पाळण्याकडे पटकन जाता येतं, त्या बाजूला बाई बसते. आम्हीही तसंच बसायचो. पाळणा म्हणजे काय, लोकरीची टोपली." किल्लीवालीला जुळी झाली होती. तिच्या कापडाचं तपासनिसानं जे वर्णन केलं होतं, ते मोठ्यानं वाचण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो.

अकरा घरांमध्ये असे दोष होते. त्यांतल्या नऊंच्या तारखा जुळल्या. एका घराचं पान दायांच्या वहीतून फाटलेलंच होतं. अकरावं घर चाकछाप. तिथे जन्माची नोंद होती, पाच आठवड्यांचा खंड होता, दाट रेघा सुरू झाल्या होत्या. आणि सहा आठवड्यांनी त्या एकदम थांबल्या. पुढे सगळं कापड निर्दोष.

"हे नाही बसत," मी म्हटलं. "तेरा महिने हवे होते."

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "बसतं गं," त्या म्हणाल्या. "गेलं असेल."

तपासनिसानं त्या ठाणाखाली 'उत्तम' असा शेरा मारला होता. मला तो शेरा वाचवेना. वही मिटून मी पाणी आणायला गेले.

गुरुवारी संध्याकाळी नवरा आला. तो दारात बूट काढतोय तोवरच मी त्याला सगळं ऐकवलं, तो बिचारा बॅग हातात धरून उभा.

"म्हणजे आईनं तुझं पुस्तक पाडलं?"

"पाडलं."

"आणि तू इतकी खूश का आहेस?"

खरंच की. मी थांबले. दोन दिवसांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हरले होते, चारी मुंड्या चीत, आणि मला कित्येक वर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं. कारण त्या बायका गेल्याच नव्हत्या. बारा वर्षं मी त्यांच्यासाठी गळा काढत होते आणि त्या मागावर बसून माझ्याकडे बघत होत्या.

"अरे, पण आईला हे सगळं माहीत कसं?" त्यानं विचारलं. "बाबा विणायचे. ही मदत करायची."

त्यानं हे अगदी सहज म्हटलं. मीही तीस वर्षं सहजच म्हणत आले होते. सासरे विणायचे, सासूबाई मदत करायच्या.

सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी गुडघ्यांवरचं ब्लँकेट उचललं आणि खिडकीसमोर उजेडात धरलं. "इकडे ये रे."

आम्ही दोघंही गेलो. उजेड करड्या लोकरीतून येत होता. डावीकडे, बोटं ठेवली तर चार मावतील असा एक पट्टा विरळ होता. मग दाट. मग पुन्हा विरळ पट्टा. वरपासून खालपर्यंत. या घरात मी तीस वर्षं त्या ब्लँकेटच्या घड्या घातल्या, तापात ते अंगावर घेतलं, दोनदा टाकूनही दिलं, आणि एकदाही ते उजेडात धरून बघितलं नाही.

"हा काय प्रकार आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"हा तू आहेस," सासूबाई म्हणाल्या. "हा पण तूच. हा पण. फार भुकेलं पोर होतास."

नवऱ्यानं त्या पट्ट्यावर बोट फिरवलं. सत्तावन्न वर्षांचा गडी, पुलांना लटकणारा. डोळे भरून आले त्याचे आणि तो ते लपवायच्या भानगडीत पडला नाही.

"मुकादमानं नापास केलं," त्या सांगत होत्या. "कोपरा कापला की विकता येत नाही. मग घरी घेऊन जा म्हणाला. मला काय, बरंच झालं. चांगली ऊब आहे."

"हजेरी लागायची का हो तुमची?" मी विचारलं. का विचारलं ते माझं मलाच कळलं नाही.

"यांची लागायची. एका मागाला एक हजेरी. माझं नाव कुठे घालणार?" मग सहज म्हणाल्या, "त्याचं काही नाही. सगळीकडे तसंच असतं की. तूसुद्धा काल गृहिणी लिहिलंस."

कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. सोमवारी त्यांनी मला टेबलाशी बसवून माग चालवून दाखवला होता. बुधवारी, माग कुणी चालवला याचा पुरावा शोधायला मी त्यांनाच घेऊन गेले होते. आणि दारातच, स्वतःच्या हातानं, कायम जपल्या जाणाऱ्या वहीत... संघाच्या कारकुनाला मी बारा वर्षं शिव्या घालत आले. त्यानं निदान स्वतःच्या सासूला तरी वगळलं नव्हतं.

"आई, मी चुकले," मी म्हटलं. हे वाक्य मला सवयीचं नाही, नवरा साक्षीला आहे.

"अगं, त्यात काय एवढं."

"एवढंच आहे त्यात सगळं," मी म्हटलं आणि रडले. मग त्यांनी मला जवळ घेतलं आणि "आता हिला चहा करून दे," असं मुलाला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता संपादकबाईंचा फोन आला. मी सही करत नाही म्हटल्यावर त्या ओरडल्याच.

"मॅडम, मुखपृष्ठ छापून झालंय! रिकामा माग आहे त्यावर!"

"तोच तर घोटाळा आहे. तो माग रिकामा नाहीये."

"आता काय करायचं मी?"

"सहा महिने थांबायचं. शेवटचं प्रकरण मी काढून टाकतेय, तिसरं आणि पाचवं एकत्र करतेय, आणि नावही बदलावं लागेल."

"पण हद्दपार हे इतकं छान होतं हो. लोक तुम्हाला त्या वाक्यामुळे ओळखतात!"

"आता दुसऱ्या वाक्यामुळे ओळखतील."

त्या बरंच काही बोलल्या. त्यांचं बरोबरच होतं. मी सगळं ऐकून घेतलं, एकदाही आवाज चढवला नाही, आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं.

मग सासूबाईंना घेऊन मी दप्तरखान्यात गेले.

"वाचकांच्या वहीत एक दुरुस्ती करायची आहे," मी कुलूपकाकांना म्हटलं.

"या वहीत खाडाखोड चालत नाही." त्यांनी वहीवर पंजाच ठेवला. "चुकीची नोंद असेल तर पुढच्या ओळीत नवी नोंद करायची. वाचकानं स्वतः. जुनीवर काट मारून समासात माझी सही."

"चालेल. करा वही पुढे."

त्यांनी वही फिरवली. मी पेन सासूबाईंच्या हातात दिलं आणि मागे सरकले. त्यांनी नाव लिहिलं. पत्ता लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी त्या थांबल्या, पेन बोटांत नीट धरलं, आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं : विणकर. अक्षरं रकान्याबाहेर गेली. चौथ्या रकान्यात त्यांनी विषय लिहिला : मासाछाप घरची बाई.

कुलूपकाकांनी वरच्या ओळीवर, माझ्या अक्षरातल्या त्या शब्दावर, काट मारायला पट्टी टेकवली.

"ते नका खोडू," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, चुकीचं आहे ना ते?"

"चुकीचं कशाला? तेही केलंय की मी. दोन्ही एकाच वेळी केलंय."

कुलूपकाकांनी माझ्याकडे बघितलं. नियमात हे बसत नव्हतं. त्यांनी छताकडे बघून बराच वेळ विचार केला, मग पट्टी उचलली, दोन्ही ओळींना मिळून समासात एकच कंस केला आणि त्याच्याशेजारी सही ठोकली.

"चल गं," सासूबाई काठी टेकत वाचनकक्षाकडे निघाल्या. "दायांची वही माग त्यांच्याकडे. मासोळीबाईला तिसरं झालं का, ते बघायचंय मला."